राखेला भेसळ म्हणू नका

'राखेचं सिमेंट' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. "त्यात काय, राख मिसळलेली असते!" असं म्हणून माणसं नाक मुरडतात, जणू कुणी दुधात पाणीच घातलंय. या एका गैरसमजापायी आपण पैसा घालवतो, नद्या घालवतो, आणि ज्या घरासाठी एवढा खटाटोप करतो ते घरही कच्चं करून घेतो, असं माझं स्पष्ट मत आहे. ते आज जरा सविस्तर मांडणार आहे. आमच्या घरातली बरीच मंडळी हा ब्लॉग वाचतात. त्यातल्या काहींना राग येईल. येऊ दे!

निमित्त घरचंच आहे. माझा भाचा कराडजवळच्या गावी जुन्या जागेवर घर बांधतोय. पाया झाला, जोतं झालं, कॉलम उभे राहिले, आणि स्लॅबची तारीख ठरायच्या वेळेला घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सिमेंटवरून महाभारत सुरू झालं. इंजिनिअरने पीपीसी लिहून दिलेलं, म्हणजे राख असलेलं सिमेंट. ठेकेदार म्हणतो, त्रेपन्न ग्रेडचं ओपीसीच आणा, राखेच्या सिमेंटची खात्री मी देणार नाही. झालं! पुण्याचे, ठाण्याचे, दुबईचे सगळे नातेवाईक ठेकेदाराच्या बाजूने. "घर आयुष्यात एकदाच होतं, चार पैशांकडे बघू नकोस." "कोयनेचा पट्टा आहे, भूकंपाचा विचार कर." "कंपन्या राख सिमेंटच्या भावात विकतात." भाच्याने विचारलं, "आत्या, तुला काय वाटतं?" त्यावर एका शहाण्याने तत्परतेने लिहिलं, की आत्याने आयुष्यभर मराठी शिकवलं, सिमेंट नव्हे.

खरं आहे. मी मराठी आणि इतिहास शिकवला. पण मराठी शिकवणाऱ्या बाईला वाचता येतं, एवढं तरी मान्य करायला हरकत नसावी. भारतीय मानक ब्यूरोची मानकं आता कुणालाही घरबसल्या बघता येतात. काँक्रीटचं IS ४५६ नावाचं मानक आहे... चुकले, देवनागरीत लिहायचं तर आयएस ४५६. ते मी बसून वाचलं. ठेकेदाराने वाचलंय का, हे त्याला एकदा विचारा.

आता आधी हे प्रकरण काय आहे ते फळ्यावर लिहिल्यासारखं सांगते.

चुनखडी आणि थोडी माती एकत्र दळून फिरत्या भट्टीत साधारण १४५० अंशांपर्यंत तापवतात. त्यातून गोट्यांसारखे खडे निघतात, त्याला क्लिंकर म्हणतात. तो थोड्या जिप्समबरोबर दळला की झालं साधं पोर्टलँड सिमेंट, म्हणजे ओपीसी. या सिमेंटला पाणी लागलं की दोन पदार्थ तयार होतात. एक चिकट आणि भक्कम असतो. वाळू-खडीला धरून ठेवतो तो हाच, घराची खरी ताकद त्याची. दुसरा म्हणजे मोकळा चुना. हा ताकदीच्या कामाचा फारसा नसतो, उलट पाण्याबरोबर विरघळून बाहेर यायला बघतो. जुन्या गळक्या स्लॅबखाली पांढरे ओघळ आलेले तुम्ही पाहिले असतील, तो हाच चुना.

राख इथे येते. औष्णिक वीज केंद्रात कोळसा दळून जाळतात. त्याची बारीक राख धुराबरोबर वर जाते आणि धुराड्याच्या आधी विजेच्या यंत्राने पकडली जाते. ही चुलीतली राख नव्हे बरं का! प्रचंड उष्णतेत वितळून झटकन थंड झालेले हे काचेसारखे सूक्ष्म गोल कण असतात आणि त्यात सिलिका भरपूर असते. ही सिलिका पाण्याच्या साक्षीने त्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावते आणि पुन्हा तोच चिकट, भक्कम पदार्थ तयार करते. थोडक्यात काय, तर रिकामटेकड्या चुन्याला राख कामाला लावते. काँक्रीटमधली बारीक छिद्रं बुजतात, पाणी कमी मुरतं, तापही कमी होतो. कण गोल असल्यामुळे माल सहज सरकतो आणि तो पातळ करायला जास्तीचं पाणी ओतावं लागत नाही.

दुधातलं पाणी दुधाशी संयोग पावून आणखी दूध तयार करत नाही. राख सिमेंटशी मिळून आणखी गोंद तयार करते. भेसळ आणि घटक यांतला फरक एवढ्यावरून कळायला हवा. भेसळ लपवून केली जाते. हे तर गोणीवर ठळक छापलेलं असतं, पोर्टलँड पोझोलाना सिमेंट म्हणून. मानकाने त्यात १५ ते ३५ टक्के राखेची मुभा दिलेली आहे. आमटीत चिंच घातली तर तिला कुणी भेसळ म्हणतं का?

त्या 'पोझोलाना' शब्दातच मोठा इतिहास आहे. इटलीत नेपल्सजवळ पोझुओली नावाचं गाव आहे. तिथली ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून रोमन लोक काँक्रीट करत. रोममधल्या पँथिऑनचा घुमट सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा, ४३ मीटर व्यासाचा. आत एक सळई नाही आणि तो अजून उभा आहे. एवढ्या लांब जायचं नसेल तर आपल्याच वाड्यांकडे बघा. चुन्यात भाजक्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळायची पद्धत आपल्याकडे होतीच. किल्ल्यांवर चुन्याच्या घाण्याचं दगडी चाक आजही पडलेलं दिसतं. केरळ-तमिळनाडूच्या वादामुळे सतत बातम्यांत असणारं मुल्लपेरियार धरण १८९५ सालचं, तेही चुना आणि सुरखीत बांधलेलं. सुरखीचं काम आणि राखेचं काम रसायनाच्या दृष्टीने एकाच जातीचं. आजोबांचा वाडा सुरखीचा म्हणून त्याचं कौतुक करायचं आणि नातवाच्या घराला राख नको म्हणायचं, हा कुठला न्याय?

अर्वाचीन उदाहरणं हवीत? अमेरिकेत माँटाना राज्यात १९४८ ते १९५३ या काळात हंग्री हॉर्स धरण बांधलं. मोठ्या धरणाच्या काँक्रीटमध्ये दगडी कोळशाची राख मोठ्या प्रमाणावर वापरण्याचा हा पहिला गाजलेला प्रयोग. आपल्याकडे अहिल्यानगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर, घाटघरला, २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे, २००८ मध्ये सुरू झालेला. तिथली धरणं रोलरने दाबून बसवलेल्या काँक्रीटची, या पद्धतीची भारतातली पहिली. त्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा राखेचं वजन जास्त होतं. धरणाला चालते ती राख तुमच्या दोन खोल्यांना चालत नाही होय? आणि आमच्या दुबईच्या मंडळींसाठी खास माहिती: तुम्ही ज्या बुर्ज खलिफापुढे उभं राहून फोटो पाठवता, त्याच्या पायाच्या पाइलमध्ये सिमेंटच्या जागी पाव हिस्सा राखच आहे. ८२८ मीटरची इमारत तिच्यावर उभी आहे. बघा बुवा, जपून राहा!

मग लोकांच्या मनात एवढी अढी का? माझ्या मते याची दोन कारणं आहेत, एक जुनं आणि एक आजचं.

जुनं कारण माझ्या पिढीला आठवत असेल. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. एकेका गोणीसाठी कचेरीच्या खेपा. काळ्या बाजारात मिळेल ते सिमेंट, त्यात कोण काय मिसळेल याचा नेम नाही. महाराष्ट्रात तर सिमेंटच्या वाटपावरून १९८२ साली मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला होता. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठलं, १९८९ मध्ये पूर्ण उठलं. पण सिमेंटमध्ये राखाडी रंगाचं काहीतरी मिसळलंय म्हणजे लबाडी, हे त्या काळाने आपल्या डोक्यात जे पक्कं बसवलं ते काही उठलं नाही. त्या काळची भीती खरी होती, पण ती चोरून मिसळलेल्या मालाची होती. आज प्रमाण ठरवून, तपासून कारखान्यात दळलेल्या सिमेंटला ती लावणं म्हणजे दाराशी साधू आला तरी त्याला चोर समजून काठी उगारणं. आणि गंमत म्हणजे भारतात खपणाऱ्या सिमेंटमध्ये निम्म्याहून जास्त आता हे राखेचंच असतं. नाक मुरडणारे कितीतरी जण राखेच्याच छपराखाली बसून नाक मुरडत असतात.

आजचं कारण जास्त महत्त्वाचं आहे, आणि त्याचं नाव घाई.

राखेची प्रक्रिया सावकाश होते, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. मानकातले किमान आकडेच बघा. त्रेपन्न ग्रेडच्या ओपीसीची ताकद तीन दिवसांना २७, सात दिवसांना ३७ आणि अठ्ठावीस दिवसांना ५३ यायला हवी. पीपीसीची तीन दिवसांना १६, सातला २२ आणि अठ्ठावीसला ३३. (एकक न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. परीक्षेला विचारणार नाही.) हे आकडे किमान आहेत. चांगलं पीपीसी याच्या बरंच वर असतं आणि अठ्ठावीस दिवसांनंतरही त्याची ताकद वाढत राहते. पण पहिल्या आठवड्यात ते मागे असतं.

आता ठेकेदाराच्या बाजूने बघा. सेंटरिंगच्या प्लेटा आणि टेकू भाड्याचे असतात. त्या प्लेटा लवकर सुटल्या तर पुढच्या गावच्या स्लॅबला जातात. म्हणून त्याला पहिल्या आठवड्यात ताकद दाखवणारं सिमेंट प्रिय. मानक काय म्हणतं? साधं सिमेंट असेल तर साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा दिवस ठेवा. सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे चौदा आणि त्याहून लांब बीमखालचे एकवीस दिवस. दुसरं सिमेंट असेल तर ही मुदत त्याप्रमाणे बदला. पीपीसीला आणखी थोडे दिवस थांबावं लागतं, बाकी काही नाही.

आणि पाणी! सगळ्यात मोठा प्रश्न पाण्याचा आहे. आयएस ४५६ म्हणतं, साध्या सिमेंटचं काँक्रीट किमान सात दिवस सतत ओलं ठेवा, राखेच्या किंवा तत्सम सिमेंटचं किमान दहा दिवस. उष्ण, कोरडी हवा असेल तर सिमेंट कुठलंही असो, दहा दिवसांच्या खाली येऊ नका. आणि राखेच्या सिमेंटला हा काळ चौदा दिवसांपर्यंत वाढवावा अशी शिफारस आहे. सतत ओलं, हा शब्द लक्षात घ्या. आपल्याकडे काय चालतं? सकाळी एक पोरगं पाइप घेऊन येतं, पाच मिनिटं फवारा मारतं, फोनवर बोलत निघून जातं. दुपारी बाराला स्लॅब पापडासारखा कोरडा. स्लॅबवर आळी करून पाणी साठवणं, कॉलमला गोणपाट गुंडाळून ते भिजत ठेवणं, हे सगळं आम्ही लहानपणी प्रत्येक बांधकामावर बघायचो. आता गोणपाट दिसलं तर फोटो काढावासा वाटतो.

पाणी न मिळालेलं राखेचं काँक्रीट कच्चं राहतं, हे मान्यच. राखेला काम करायला चुना लागतो आणि पाणी लागतं. चुना सिमेंटने दिला, पाणी तुम्ही दिलं नाही, आणि दोष कुणाला? राखेला! वर्गात मुलाला पुस्तकच द्यायचं नाही आणि नापास झाला की ढ म्हणायचं, असला हा प्रकार आहे. पाणी न मिळालेलं ओपीसीसुद्धा कच्चंच राहतं, फक्त ते पहिल्या आठवड्यात बरं दिसतं म्हणून आपण फसतो.

"त्रेपन्न म्हणजे जास्त मजबूत" हाही असाच एक भ्रम. ५३ हा आकडा सिमेंटच्या परीक्षेचा आहे, तुमच्या स्लॅबचा नाही. घराच्या काँक्रीटला इंजिनिअर एम-२० किंवा एम-२५ लिहून देतो, म्हणजे अठ्ठावीस दिवसांना २० किंवा २५ ताकद. ती पीपीसीने व्यवस्थित मिळते. उलट त्रेपन्न ग्रेडच्या मालात मिस्त्रीने "जरा पातळ कर रे" म्हणून दोन बादल्या पाणी जास्त ओतलं, की ५३ गोणीवरच राहतात. 'स्लॅबला त्रेपन्न, प्लास्टरला पीपीसी' हा आपल्याकडचा जो अलिखित नियम आहे, तो मला आयएस ४५६ मध्ये कुठेही सापडला नाही.

राहिला भूकंप. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप माझ्या पिढीच्या अंगावर अजून काटा आणतो, त्यामुळे ही भीती मी थट्टेवारी नेणार नाही. पण त्या वेळी पडलेली घरं बहुतेक दगड-मातीची होती. काँक्रीटचं घर भूकंपात उभं राहतं ते कॉलम-बीमच्या सांध्यांमुळे, सळयांमुळे आणि कॉलममधल्या रिंगांमुळे. रिंगा किती अंतरावर बांधल्या, त्यांची टोकं आत वळवली का, हे ग्रुपवर एकानेही विचारलं नाही. सिमेंटवर मात्र शंभर मेसेज. भाच्याला मी एवढंच सांगितलं, इंजिनिअरने लिहिलंय ते सिमेंट आण, आणि वाचलेली शक्ती रिंगा मोजण्यात आणि पाणी मारण्यात घाल. त्याने ऐकलं. ठेकेदाराशी सेंटरिंगच्या जादा दिवसांचं भाडं ठरवून दिलं आणि तक्रार मिटली. म्हणजे एवढा तात्त्विक विरोध शेवटी प्लेटांच्या भाड्याचा होता!

आता कंपन्यांबद्दलही चार शब्द, नाहीतर म्हणाल बाई सिमेंटवाल्यांची वकिली करतात. 'पर्यावरणस्नेही' म्हणून हिरवं पान छापलं की पुण्य लागतं असं मला वाटत नाही. राख क्लिंकरपेक्षा स्वस्त पडते, म्हणून कंपन्या ती घालतात. त्यात पाप नाही, पण मग त्या बचतीतला वाटा गिऱ्हाइकाला नीट का मिळू नये? सरकारचंही तेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणला, चांगलं केलं. पण राखेच्या आणि बिनराखेच्या सिमेंटला कर सारखाच. एकीकडे राख वापरा म्हणून अधिसूचना काढायच्या आणि दुसरीकडे ती वापरणाऱ्या सामान्य माणसाला एक पैचीही सवलत द्यायची नाही, याला काय म्हणावं?

राखेच्या मर्यादाही सांगते. सगळी राख एका लायकीची नसते. न जळालेला कोळसा जास्त असलेली किंवा राखेच्या तलावातून उपसून आणलेली जाडीभरडी राख सिमेंटच्या जागी चालत नाही. म्हणून जागेवर फावड्याने राख मिसळण्याचे उद्योग कुणी करू नयेत, ती मात्र खरोखर भेसळ. रेडीमिक्सची गाडी मागवणार असाल तर राखेचं प्रमाण लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि राख मोकळा चुना खाते, त्यामुळे काँक्रीट कच्चं राहिलं तर हवा आत शिरून सळई गंजायचा धोका वाढतो. त्यावर उपाय तोच, भरपूर पाणी आणि सळईवर पुरेसं कव्हर. कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सरकवणाऱ्या मिस्त्रीला वेळीच थांबवा.

कोकणातल्या नातेवाइकांसाठी एक जोड. लोखंडाच्या कारखान्यात झोतभट्टीतून वितळलेला मळ निघतो, त्याला स्लॅग म्हणतात. तो तापलेला असतानाच पाण्याच्या झोताने थंड केला तर वाळूसारखा काचमय होतो. तो दळून केलेलं स्लॅग सिमेंटही मानकात बसतं, त्यात २५ ते ७० टक्के स्लॅग चालतो. खाऱ्या हवेतलं क्लोराइड काँक्रीटमध्ये शिरून सळई खातं, त्याला हे सिमेंट चांगला अडसर घालतं. समुद्राकाठी घर बांधताना इंजिनिअरला याबद्दल जरूर विचारा. कारखान्याची घाण म्हणून झिडकारू नका.

आता सगळ्यात मोठा मुद्दा. हा नसता तर मी एवढं लिहिलंच नसतं.

शंभर किलो शुद्ध चुनखडी तापवली तर ५६ किलो चुना हाती लागतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हे भट्टीच्या इंधनाच्या धुराखेरीज. चुनखडीच्या पोटातच तो वायू असतो, त्यामुळे भट्टी सूर्यप्रकाशावर चालवली तरी तो निघणारच. इंधन धरून एक टन क्लिंकरमागे सुमारे ८०० ते ९०० किलो वायू निघतो. जगात माणसाच्या उद्योगाने निघणाऱ्या या वायूचा ७-८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा, आणि सिमेंट करण्यात चीनच्या खालोखाल आपला नंबर आहे. ढोबळ हिशोब करा. हजार चौरस फुटांच्या घराला चारशे गोण्या, म्हणजे २० टन सिमेंट. त्यात ३० टक्के राख असेल तर सहा टन क्लिंकर वाचला, म्हणजे जवळपास पाच टन वायू हवेत गेला नाही. एकही झाड न लावता, एका साध्या घरामागे!

आणि ती सहा टन राख आपण वापरली नाही तर जाते कुठे? आपल्या देशी कोळशात ३० ते ४५ टक्के राखच असते. वर्षाला पंचवीस कोटी टनांहून जास्त राख देशात तयार होते. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, एकलहरे, दीपनगर... महाराष्ट्रातली ही नावं आपल्याला फक्त विजेची म्हणून माहीत आहेत. तिथल्या लोकांना ती राखेची म्हणून माहीत आहेत. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख, पिकांच्या पानांवर राख, विहिरीच्या पाण्यावर राखेची साय. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा तलाव भर पावसात फुटला. गाळ शेतांत शिरला आणि पुढे नदीत गेला. नागपूरला पिण्याचं पाणी देणारी कन्हान त्याच खोऱ्यात आहे. राख वापरण्याबद्दलची पहिली सरकारी अधिसूचना १९९९ ची. शंभर टक्के राख वापरलीच पाहिजे आणि नाही वापरली तर दंड, ही ३१ डिसेंबर २०२१ ची. कागद झाले. पण गावोगावच्या स्लॅबवर निर्णय घेतो तो ठेकेदार आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप.

ज्यांना घरात राख नको, त्यांनी घरात वीजही घेऊ नये, असं मला चिडून म्हणावंसं वाटतं. दिवे आपल्याकडे आणि राख खसाळ्याच्या शेतकऱ्याकडे, ही वाटणी कुणी केली? आपण जाळलेल्या कोळशाची राख आपल्या भिंतींत गेली तर बिघडलं कुठे?

यावर एक शहाणा आक्षेप येऊ शकतो, तो मीच सांगते. राख उपयोगी आहे म्हणून कोळसा जाळत राहायचा का? मुळीच नाही. ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपलं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र बंद केलं. आपलीही पाळी कधीतरी येईल आणि यावी. त्या दिवसाची तयारी चालू आहे. भाजलेली विशिष्ट माती आणि न भाजलेली चुनखडी यांनी क्लिंकरचा जवळपास निम्मा भाग बदलणारं सिमेंट स्वित्झर्लंड, क्यूबा आणि आपल्या दिल्ली-मद्रासच्या आयआयटींनी मिळून विकसित केलं. त्याचं भारतीय मानक २०२३ मध्ये आलंसुद्धा. भाजलेली माती म्हणजे आपल्या सुरखीचीच शिकलेली नात म्हणा ना! पण ती अंगणात येईपर्यंत राखेचे डोंगर समोर उभे आहेत, त्यांचं काय करायचं ते आज ठरवायला हवं.

मराठीची शिक्षिका म्हणून एक गोष्ट सांगते. आपल्या भाषेत 'रक्षा' म्हणजे राख आणि 'रक्षा' म्हणजे रक्षणही. आपल्या आज्या राखेने भांडी घासत, धान्याला कीड लागू नये म्हणून त्यात राख मिसळत, बाळाच्या कपाळाला अंगारा लावत. राखेला कस्पट समजायची सवय आपली नव्हती. ती आपण अलीकडे लावून घेतली आहे.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी आपल्या कुणाचं घर निघालं, की "सिमेंट कुठलं?" हा प्रश्न इंजिनिअरवर सोडा. तुम्ही "रिंगा किती अंतरावर?" विचारा, "कव्हर किती?" विचारा, "टेकू कधी काढणार?" विचारा. आणि रोज एक फोन करून विचारा, "आज स्लॅबवर पाणी आहे का?" चौदा दिवस विचारा.